जमाखर्चाबाहेरची घरे

मुंबई महानगरपालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. देशातल्या बऱ्याच लहान राज्यांचे अर्थसंकल्पसुद्धा एवढे मोठे नसतात. त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम भांडवली कामांसाठी होती: सागरी किनारा मार्गाचा पुढचा टप्पा, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, मलजल प्रक्रिया केंद्रे, रस्त्यांचे काँक्रिटीकरण. याच शहरात २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ५२ लाख माणसे, म्हणजे शंभरातली एक्केचाळीस-बेचाळीस, झोपडपट्टीत राहत होती. त्यांच्या घरांसाठी शहर किती खर्च करते, हे या अर्थसंकल्पात शोधू गेले तर फारसे हाती लागत नाही. महापालिकेच्या हिशेबात सुधारणा योजना आणि झोपडपट्टी सुधारणेसाठी परंपरेने अर्थसंकल्प 'ब' असा वेगळा भाग आहे, पण सर्वसाधारण 'अ' आणि पाणी-मलनिःसारणाचा 'ग' यांच्या शेजारी तो अगदीच किरकोळ दिसतो. यामागे एक जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आहे. गेल्या तीन दशकांत मुंबईने गरिबांच्या घरांचा खर्च अर्थसंकल्पातून काढला आणि चटई क्षेत्राच्या, म्हणजे एफएसआयच्या, खात्यावर टाकला. त्यामुळे सरकारला आणि महापालिकेला फुकटात घरे बांधून मिळतात, असा समज रूढ झाला. तो समज चुकीचा आहे. खर्च झालाच, अजून होतो आहे. फक्त तो कुठल्या वहीत लिहिला जात नाही, म्हणून त्याचा जाबही कुणी विचारत नाही. हा खर्च पुन्हा अर्थसंकल्पात आणणे ही मुंबईच्या गृहनिर्माणाची पहिली गरज आहे, असे मला वाटते.

शहराने स्वतःच्या जमाखर्चातून घरे बांधणे मुंबईला नवीन नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याच्या बीआयटी चाळी उभ्या राहिल्या, आणि १९३३ साली तो ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. त्याहून मोठा प्रयत्न १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात निघालेल्या डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटचा. गिरणी कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या, त्यासाठी कर्जरोखे काढायचे आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवायचा, अशी ती योजना होती. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी झाल्या. एकेका चाळीत ऐंशी खोल्या धरल्या तर साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या होतात, म्हणजे उद्दिष्टाचा तिसरा हिस्सा. खोल्या अंधाऱ्या, शौचालये सामायिक आणि भाडे कामगाराच्या मानाने जड असल्याने बऱ्याच खोल्या सुरुवातीला रिकाम्या राहिल्या, आणि योजना तिथेच थांबली. तरी या फसलेल्या योजनेतही एक गोष्ट होती जी आज नाही. पैसा कुठून आला, किती खोल्या झाल्या आणि तोटा किती, हे सगळे कागदावर होते, म्हणून तिच्यावर जाहीर टीका होऊ शकली.

त्याच दशकात व्हिएन्ना शहराने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. १९२२ साली व्हिएन्नाला स्वतंत्र प्रांताचा दर्जा मिळाला, म्हणजेच स्वतःचे कर बसवण्याचा अधिकार मिळाला. शहराचे अर्थखाते सांभाळणाऱ्या ह्यूगो ब्राइटनर यांनी १९२३ पासून घरबांधणी कर लावला. त्यातला कळीचा भाग म्हणजे कराची चढती श्रेणी. कामगाराच्या लहान घरावर नाममात्र कर, तर बंगल्यांवर आणि आलिशान सदनिकांवर त्याच्या कितीतरी पट. परिणामी सर्वांत महागड्या अर्धा टक्का मालमत्तांकडून एकूण कराच्या चाळीस टक्क्यांहून अधिक रक्कम येऊ लागली. या कराच्या आणि इतर करांच्या जोरावर, मुख्यतः कर्ज न काढता, शहराने १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली. भाडे फक्त देखभालीपुरते ठेवल्याने ते कामगाराच्या कमाईच्या चार टक्क्यांच्या आसपास राहिले. व्हिएन्ना म्हणजे मुंबई नव्हे, हे उघड आहे. महायुद्धानंतर तिथली लोकसंख्या घटत होती, आणि भाडेनियंत्रणामुळे जमिनीत पैसा गुंतवण्यात कुणाला रस उरला नव्हता, म्हणून शहराला जमीन स्वस्तात विकत घेता आली. पण हा फरकच आपल्याला काही शिकवतो. व्हिएन्नात धोरणामुळे जमीन स्वस्त झाली आणि शहर खरेदीदार झाले. मुंबईत धोरणामुळे जमीन महाग होत गेली आणि शहर स्वतःच खरेदीच्या बाहेर फेकले गेले.

हे कसे झाले, ते समजून घ्यायला १९७० ते १९९५ हा काळ पाहावा लागतो. १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी कायद्याने सुधारणेला कायदेशीर आधार दिला आणि नळ, शौचालये, पायवाटा, दिवे ही कामे वस्त्यांत होऊ लागली. १९७६ साली झोपड्यांची मोजणी होऊन फोटोपास वाटले गेले. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. त्यात एकीकडे असलेल्या वस्त्यांची सुधारणा होती, तर दुसरीकडे चारकोप, गोराई अशा ठिकाणी रस्ते, पाणी आणि गटारे तयार करून लहान भूखंड देण्याची योजना होती. घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे. त्या वेळी तज्ज्ञांनी या योजनेला संथ, खर्चीक आणि मध्यमवर्गाच्या घशात जाणारी म्हटले. वीसेक वर्षांनी संशोधकांनी चारकोप पुन्हा तपासले, तेव्हा त्यांना वेगवेगळ्या उत्पन्नाची कुटुंबे एकत्र राहणारी, नांदती वस्ती आढळली. घरे सावकाश, एकेका मजल्याने वाढली होती, आणि वाढीचा बहुतेक खर्च कुटुंबांनी स्वतः केला होता. शहराने फक्त तेवढेच केले होते जे एकट्या कुटुंबाला करता येत नाही: जमिनीची हमी, रस्ता, पाणी, गटार.

पण निकाल येण्याची वाट कुणी पाहिली नाही. १९९५ साली चाळीस लाख लोकांना मोफत घरे देण्याचे आश्वासन घेऊन शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे एसआरए, स्थापन झाले. योजना ऐकायला फार सुरेख होती. बिल्डरने झोपडीधारकांना त्याच जागी पुनर्वसनाच्या इमारतीत २२५ चौरस फुटांचे घर मोफत द्यायचे. बदल्यात त्याला विक्रीसाठी जादा चटई क्षेत्र मिळेल: सुरुवातीच्या सूत्राप्रमाणे पुनर्वसनाच्या एका चौरस मीटरमागे मूळ शहरात पाऊण, उपनगरांत एक, आणि धारावीसारख्या अवघड जागी एक पूर्णांक तेहतीस. रिकाम्या तिजोरीच्या सरकारला यात एक पैसाही घालावा लागणार नव्हता. तीन दशकांनंतर हिशेब पाहिला तर चाळीस लाख लोकांच्या आठेक लाख घरांच्या उद्दिष्टापैकी अडीच लाखांच्या आसपास घरे उभी राहिली आहेत. याचे कारण बिल्डरांच्या लोभाहून खोल आहे. जिथे विक्रीच्या घराला भाव आहे, तिथेच हे गणित बसते. वरळी, अंधेरी, वांद्र्याच्या झोपडीसाठी बिल्डर रांग लावतात. गोवंडी-मानखुर्दच्या वस्तीत, जिथे गरज सर्वांत तीव्र, तिथे विक्रीच्या इमारतीला गिऱ्हाईक मिळणे कठीण, म्हणून अशा योजनाही कमीच. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात चोवीस प्रभागांत तळाशी असलेला एम-पूर्व प्रभाग तो हाच. अर्थसंकल्प चालवणाऱ्या संस्थेला गरज पाहून पैसा वळवता येतो. चटई क्षेत्र मात्र बाजारभावाच्या मागेच जाते.

चटई क्षेत्राला मी खर्च म्हणतो, यावर काही अर्थतज्ज्ञ आक्षेप घेतील. जे अस्तित्वातच नव्हते ते देऊन टाकण्यात तोटा कसला, असे त्यांचे म्हणणे. पण जादा बांधकाम हवेत उभे राहत नाही. प्रत्येक जादा मजला पाणी मागतो, मलवाहिनी मागतो, रस्त्यावर गाड्या आणतो, शाळेत जागा मागतो, आणि हे सगळे पुढे महापालिकेलाच भागवावे लागते. शिवाय हेच चटई क्षेत्र महापालिका इतर विकासकांना अधिमूल्य घेऊन विकते, आणि २०२५-२६ च्या अंदाजात या विकास नियोजनाच्या उत्पन्नाची रक्कम मालमत्ता कराहून कितीतरी मोठी धरलेली होती. जी वस्तू एका दाराने विकली जाते, ती दुसऱ्या दाराने दिली तर तो खर्च नव्हे, असे कोणता हिशेबनीस म्हणेल? आणि सर्वांत जड किंमत ती, जी माणसांच्या अंगावर पडते. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सूट मिळाल्याने कित्येक ठिकाणी दोन इमारतींत तीन मीटरचे अंतर उरले. गोवंडीतल्या नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दजवळच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये २०१८ साली झालेल्या अभ्यासाने खालच्या मजल्यांवरचा अपुरा उजेड आणि कोंदटपणा यांचा क्षयरोगाशी संबंध दाखवला. त्या क्षयाच्या औषधांचा खर्च आरोग्य खात्याच्या नावे पडतो, गृहनिर्माणाच्या नाही.

माहुलचे उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून महापालिकेने तिथल्या कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारच्या माहुलमध्ये पाठवले. ही घरेही खासगी विकासकांकडून बांधून घेतलेली, प्रकल्पबाधितांसाठीची. तिथल्या हवेने आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटले होते. रहिवासी उच्च न्यायालयात गेले, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगून प्रत्येक कुटुंबाला महिना १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत द्यायला सांगितले. म्हणजे जो खर्च टाळण्यासाठी घरे चटई क्षेत्राच्या बदल्यात घेतली, तो भाड्याच्या रूपाने सार्वजनिक तिजोरीवर परत आलाच. पुढे माहुलमधली हजारो घरे रिकामी पडून राहिली, आणि २०२५ मध्ये महापालिकेने ती आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजार रुपयांना विकायला काढली. त्यालाही प्रतिसाद तुरळकच मिळाला.

मग महापालिकेच्या अर्थसंकल्पाने करायचे काय? सगळ्यांसाठी स्वतः इमारती बांधायच्या, असे माझे म्हणणे नाही. महापालिकेच्या हातात जे सर्वांत प्रभावी साधन आहे ते गल्लीच्या पातळीवर आहे. पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांमध्ये शहरी गरिबांना मूलभूत सेवा देण्याच्या केंद्राच्या बीएसयूपी योजनेतून २००८ नंतर जे काम झाले, ते या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. वस्ती पाडून सात मजली इमारत उभी करण्याऐवजी फक्त कच्ची घरे निवडली गेली आणि ज्याचे घर त्याच्याच जागेवर २७० चौरस फुटांचे पक्के बांधले गेले. पक्क्या घरांना हात लावला नाही. ज्याची जागा अपुरी होती, तिथे दोन-तीन शेजाऱ्यांचे तळ एकत्र करून वर मजले चढवले. महिला मिलन या वस्तीतल्या महिलांच्या संघटनेतल्या बायकांनी घरोघर मोजणी केली, नकाशावर कुणाचे दार कुठे येईल यावर गल्लीत बसून वाद घातले आणि मिटवले. घरामागे सुमारे तीन लाख खर्च, त्यातला दहावा हिस्सा कुटुंबाचा. कुणाचा शेजार तुटला नाही, कुणाचे काम लांब पडले नाही, लिफ्टचे बिल कुणाच्या माथी आले नाही. कमतरता राहिली ती गटार, मलवाहिनी आणि मोकळ्या जागेची. कारण पैसा घरामागे मिळाला, गल्लीमागे नाही. ही दुरुस्ती महापालिकेच्या अर्थसंकल्पातूनच होऊ शकते. शेल्टर असोसिएट्स ही संस्था पुणे, सांगली, कोल्हापूरच्या वस्त्यांत घराघरांत शौचालये उभारते, तेव्हा तिलाही हीच अट आड येते. शौचालयाचे भांडे, टाईल आणि दार कुटुंब किंवा संस्था आणू शकते, पण गल्लीतून मलवाहिनी गेलीच नसेल तर ते शौचालय जोडायचे कशाला?

अहमदाबादने याला एक महत्त्वाची जोड दिली. १९९५ नंतरच्या तिथल्या परिवर्तन प्रकल्पात प्रत्येक कुटुंबाने दोन हजार रुपये भरायचे आणि त्या बदल्यात घरात नळ, स्वतंत्र शौचालय, मलवाहिनी, फरसबंद गल्ली आणि दिवे मिळायचे. 'सेवा' या महिला संघटनेच्या महिला हाउसिंग ट्रस्टने बचत गोळा करण्याचे आणि लोकांना समजावण्याचे काम केले. त्याहून मोलाचे म्हणजे महापालिकेने दहा वर्षे वस्ती न हटवण्याची हमी दिली. तो मालकीहक्क नव्हता. पण एवढ्या हमीवर लोकांनी पत्रे काढून स्लॅब टाकले. त्याच महापालिकेने १९९८ मध्ये राज्याच्या हमीशिवाय शंभर कोटींचे कर्जरोखे काढून दाखवले होते, म्हणजे गरिबांसाठी खर्च करणारी महापालिका गुंतवणूकदारांच्या नजरेतून उतरते ही भीतीही खरी ठरली नाही.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: सोयी दिल्या की अतिक्रमणे वाढतात. मुंबईत याच तर्काने पुनर्वसनाच्या पात्रतेची तारीख १ जानेवारी १९९५ आणि मग १ जानेवारी २००० ठरली, आणि नंतर आलेल्यांना पाणीही नाकारले गेले. झोपड्या थांबल्या नाहीत. पाणी न मिळणाऱ्यांनी ते टँकरवाल्याकडून किंवा चोरीच्या जोडणीवाल्याकडून महापालिकेच्या दराच्या कितीतरी पट देऊन घेतले, आणि तो पैसा महापालिकेला न मिळता पाणीमाफियाच्या खिशात गेला. २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी देण्यास सांगितले, आणि २०२२ मध्ये महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' धोरण आणले. रेल्वे, विमानतळ आणि केंद्राच्या जमिनीवरच्या वस्त्यांत ना-हरकत दाखल्याची अडचण खरीच आहे, पण ती कायद्याने सोडवण्याजोगी आहे. लोक मुंबईत येतात ते कामासाठी, नळासाठी नव्हे. नळ बंद ठेवल्याने कामाची ओढ कमी होत नाही, फक्त गरिबाची मिळकत पाण्यात जाते.

दुसरा आक्षेप करदात्यांचा: झोपडपट्टीवाले कर भरत नाहीत, मग त्यांच्यावर खर्च का? साबण, कपडे, सायकलीवर ते इतरांइतकाच जीएसटी भरतात. जकात २०१७ मध्ये गेल्यापासून महापालिकेचे सर्वांत मोठे उत्पन्न आहे ते याच जीएसटीपोटीची भरपाई: २०२५-२६ मध्ये १४ हजार कोटींहून जास्त. मालमत्ता कराचे म्हणाल, तर २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या पक्क्या सदनिकांनाही तो माफ आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात प्रशासनाने झोपडपट्टीतल्या सुमारे ५० हजार व्यावसायिक गाळ्यांवर कर बसवून ३५० कोटी मिळवण्याचा प्रस्ताव मांडला होता. त्याला विरोध झाला. मला तो प्रस्ताव तत्त्वतः गैर वाटत नाही, पण एका अटीवर: त्या गल्लीतून गोळा झालेला पैसा त्या गल्लीत किती खर्च झाला, हे त्याच पानावर छापलेले असावे. आज वस्तीतली लादी, गटाराचे झाकण, शौचालयाची दुरुस्ती ही कामे बहुधा नगरसेवक किंवा आमदार निधीतून तुकड्या-तुकड्यांनी होतात, आणि सफाई दत्तक वस्तीसारख्या योजनेखाली मानधनावरच्या स्वयंसेवकांकडून करून घेतली जाते, तर पलीकडच्या सोसायटीचा रस्ता पगारी कर्मचारी झाडतो.

पैसा नाही, हा तिसरा आक्षेप मुंबईपुरता तरी टिकत नाही. मरीन ड्राइव्ह ते वरळी या साडेदहा किलोमीटरच्या सागरी मार्गावर शहराने सुमारे १४ हजार कोटी घातले आहेत. मुदत ठेवी काही वर्षे ८० हजार कोटींच्या वर होत्या. त्यातला मोठा भाग कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीसाठी आणि कंत्राटदारांच्या अनामतीपोटी बांधलेला आहे, आणि मोठ्या प्रकल्पांनी बाकीच्यावरही दावा सांगितला आहे, हे मान्य. तरीही कशाला आधी पैसा द्यायचा, हा निवडीचा प्रश्न आहे. २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर पुढचे अर्थसंकल्प प्रशासकांनीच मांडले आणि प्रशासकांनीच मंजूर केले, त्यामुळे ही निवड सभागृहात कुणासमोर आलीच नाही. इतर शहरांची स्थिती मात्र खरोखर बिकट आहे. देशभरात मालमत्ता कराचे उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.२ टक्के. तिथे व्हिएन्नाची चढती श्रेणी उपयोगी पडेल. लहान घरांना सूट देऊन थांबायचे की वरच्या टोकाच्या मालमत्तांवर दर वाढवून सुटीची तूट भरून काढायची आणि जादा उत्पन्न गृहनिर्माणासाठी राखायचे, हा निर्णय आज कुणी मांडतच नाही. २००५ च्या नेहरू नागरी नवनिर्माण अभियानात महापालिकांनी अर्थसंकल्पातला हिस्सा गरिबांच्या मूलभूत सेवांसाठी राखावा अशी अट होती. अभियान संपले तशी ती अटही मागे पडली.

राहिला प्रश्न भाडेकरूंचा, आणि माझ्या मते तो सर्वांत अवघड आहे. झोपडीच्या वरच्या मजल्यावर, पोटमाळ्यावर भाड्याने राहणारा माणूस पुनर्वसनाच्या यादीत अपात्र असतो. खालचा मालक घर घेतो, वरचा भाडेकरू पुढची झोपडी शोधतो. गल्ली सुधारली की भाडेही वाढते, म्हणजे सेवांवरचा खर्च काही प्रमाणात घरमालकाच्या खिशात जाणार, हे टाळता येत नाही. त्यासाठी शहराकडे स्वतःची भाड्याची घरे असावी लागतात, मालकी कायम महापालिकेची, भाडे उत्पन्नाच्या प्रमाणात. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत झोपडपट्टी सुधारणा आणि नागरी दारिद्र्य निर्मूलन ही कामे नगरपालिकांच्या यादीत घातली आहेत, मात्र एसआरए आणि म्हाडा राज्याच्या हातात आहेत, म्हणून महापालिका यात फार काही करू शकत नाही असे सांगितले जाते. पण बाजार, आगार, जुन्या कर्मचारी वसाहती आणि भाडेपट्ट्याने दिलेले भूखंड अशी मोठी जमीन महापालिकेच्या स्वतःच्या नावावर आहे, आणि त्यातले कित्येक भाडेपट्टे संपले आहेत किंवा संपत आले आहेत. यापुढे यातला प्रत्येक भूखंड चटई क्षेत्राच्या बदल्यात बिल्डरला देण्यापूर्वी त्या चटई क्षेत्राची बाजारभावाने किंमत अर्थसंकल्पाच्या परिशिष्टात खर्च म्हणून दाखवावी, आणि शेजारच्या रकान्यात तेवढ्याच पैशांत भाड्याची किती घरे झाली असती ते लिहावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, स्थायी समितीत एक ठराव मंजूर झाला तरी पुरेल.